मोहगावहून आलेलं लोकरीचं पोलकं

सौसर,
रथसप्तमीला आठवडा असताना.

सौ. ताईस मुकुंदाचा, कंबर वाकते तितका वाकून, नमस्कार.

आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे विजया मजेत आहे आणि मी घरात आहे. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? (त्यांना सांग, गुडघ्याचं दुखणं गावभर सांगत फिरल्यानेच वाढतं. फिरायला गुडघाच लागतो.) आणि तुझी तब्येत? दिवाळीत पाहिली होती तशीच भरलेली आहे ना? हल्ली पांढुर्ण्याच्या बायका पहाटे बूट घालून चालायला निघतात असं ऐकतो. जिल्हा झाल्यापासून तुमच्याकडे काय काय सुरू होईल सांगता येत नाही. आम्ही तहसीलवाले, आधी छिंदवाड्याला जाऊन रांगेत उभे राहायचो, आता तुमच्या दारात येऊन राहतो. पण तू त्या चालण्याच्या भानगडीत पडू नकोस. वजन ही कमावलेली वस्तू आहे, ती रस्त्यावर सांडून येऊ नये. निदान रथसप्तमीपर्यंत तरी नाहीच. त्याचं कारण पुढे येईल.

तू म्हणशील, या मुकुंदाला झालं तरी काय, सौसरहून पांढुर्ण्याला कोणी पत्र लिहितं का, फोन काय लोणच्यात घालायला ठेवलाय? तर ताई, घरात बोललेलं विजयाला ऐकू येतं आणि बाहेर बोललेलं सगळ्या सौसरला. शिवाय तू मध्येच हसशील, आणि तू हसायला लागलीस की समोरच्याचं दुःख सांगायचं राहून जातं. या खेपेला मला ते शेवटपर्यंत सांगायचं आहे.

तुला आठवत असेल, मी पटवारीपदावरून निवृत्त झालो त्या पावसाळ्यात माझ्या उजव्या हाताची बोटं आखडली. डॉक्टरने रबराचा चेंडू दिला आणि दिवसभर दाबत बसा म्हणाला. ओट्यावर बसून चेंडू दाबणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक कसे पाहतात ते एकदा बसून पाहा. येणारा जाणारा विचारायचा, "का हो पटवारीसाहेब, कोनाचा गळा दाबून राहिले?" शेवटी चेंडू टाकून दिला. विजयाच्या कपाटात लोकरीचे गुंडे आणि सुया पडल्या होत्या. (ही लोकर तिने नागपूरच्या एका दुकानातून मोठ्या हौसेने आणली होती. हौस बसमध्येच कुठंतरी उतरून गेली, लोकर तेवढी घरी पोचली.) बोटांना व्यायाम म्हणून मी सुया हातात घेतल्या. एक सुलट, एक उलट, फोनवर पाहून शिकलो. महिन्याभरात बोटं सरळ झाली. सुया मात्र हातातून सुटल्या नाहीत. विजया म्हणते, बोटं सरळ झाली अन् माणूस वाकडा झाला. म्हणेना का.

आता त्या दुकानाने विजयाचा नंबर लिहून घेतला होता. एक दिवस 'सुयांवरच्या सख्या' नावाच्या ग्रुपमध्ये तिला कोणीतरी जोडून टाकलं. प्राजक्ता नावाची नागपूरची मुलगी तो ग्रुप चालवते आणि आपल्या भागातल्या, मोहगाव-तिगावकडच्या, बऱ्याच बायका त्यात आहेत. विजयाने ढुंकून पाहिलं नाही. मी पाहिलं. एका बाईचा टाका सुटला होता आणि कुठून सुटला ते कोणालाच सापडत नव्हतं. मला सापडला. मी लिहिलं. उत्तर आलं, 'थँक्यू विजयाताई.' त्या वेळी मी 'ताई नव्हे, भाऊ' एवढे तीन शब्द लिहिले असते तर आज हे पत्र वाचायची पाळी तुझ्यावर आली नसती. पण मला आयुष्यात कोणी थँक्यू म्हटलं नव्हतं. पटवाऱ्याला लोक नमस्कार करतात, चहा पाजतात, पाठ वळली की शिव्या देतात. थँक्यू म्हणत नाहीत. म्हणून गप्प बसलो आणि विजयाताई झालो.

तेव्हापासून रोज दुपारी विजयाला डुलकी लागली की मी तिचा फोन घेऊन परसात जातो. (तिच्या फोनवर फोटोच्या जागी गुलाबाचं फूल आहे. म्हणून इतके दिवस निभावलं.) त्या बायका मला फार आवडतात, ताई. सुनांना नावं ठेवतात, सुनांसाठीच स्वेटर विणतात, टाके मोजता मोजता भांडतात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतात. नोकरीत होतो तेव्हा माझ्या ओट्यावर माणसं मावत नव्हती. आता तीच माणसं लांबूनच हात करतात आणि मोटारसायकल हळूसुद्धा करत नाहीत. या ग्रुपवर दिवसातून एकदा तरी कोणी विचारतं, 'विजयाताई, तुम्हाला काय वाटतं?' तेवढ्या एका प्रश्नासाठी मी जेवणानंतर झोपत नाही. हे हसण्यावारी नेऊ नकोस. मला हा ग्रुप गमवायचा नाही.

तर यंदा संक्रांतीला महिना असतानाच प्राजक्ताने टूम काढली की हळदीकुंकवाचं वाण घरोघरी नाही, पार्सलने लुटायचं. चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिच्यासाठी आपल्या हाताने काही विणून पाठवायचं, आणि जिला वाण मिळेल तिने ते अंगात घालून रथसप्तमीच्या आत ग्रुपवर फोटो टाकायचा. (हळदीकुंकवाच्या दिवशी घरातल्या पुरुषाला चपला घालायला लावून बाहेर काढतात, हे तुला मी सांगायला नको. तू भाऊजींना काढतेसच. आजवरची सगळी हळदीकुंकवं मी पानाच्या टपरीवर काढली. यंदा मी वाणाच्या चिठ्ठीत होतो.) माझ्या वाट्याला तिगावची ऋतुजा आली. तिच्यासाठी कानटोपी विणली. माप बघायला विजया डोकं देईना, म्हणून वरणाच्या पातेल्यावर माप घेतलं. टोपी ऋतुजाच्या नाकापर्यंत आली. पोरगी मनाने चांगली, तिने टोपी वर दुमडून फोटो टाकला आणि खाली बदामांची रांग लावली. मी तो फोटो अजून अधूनमधून पाहतो.

घोटाळा झाला तो मापातच. प्राजक्ताने सगळ्यांकडून छाती, बाही आणि गळा अशी मापं मागवली. जन्मभर साखळी ओढून लोकांची शेतं मोजलेला माणूस मी. मला माप विचारलं की खरंच माप तोंडातून निघतं. (कोणी फार आग्रह केला तर बांध एखाद दुसरा इकडेतिकडे व्हायचा, पण तो विषय वेगळा.) शिवाय मनात आलं, सगळ्यांसाठी मी विणतो, एकदा कोणीतरी माझ्यासाठी स्वेटर विणू दे की. म्हणून टेप घेऊन आरशासमोर उभा राहिलो आणि माझी छाती, माझी बाही, माझा गळा मोजून विजयाच्या नावाने पाठवून दिला. स्वेटर विणायचा तर लांबी का कोणी विचारत नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलंच नाही. मी बाईच्या नावाने माप देतोय, तेव्हा बाईचाच कपडा येणार, हेही नाही शिरलं.

संक्रांतीनंतर चार दिवसांत कुरियरवाल्या उत्तमने गल्लीच्या तोंडाशीच हाळी दिली, "काकू, मोहगावचं पार्सल! लय नरम लागून राहिलं!" (दुसऱ्याचं पार्सल दाबून पाहायचा हक्क याला कोणी दिला कोण जाणे.) आत हळदीकुंकवाच्या पुड्या, तिळगुळाची डबी, आणि लोकरीचं पोलकं. आपली आई थंडीत साडीवर घालायची तसलंच, पूर्ण बाह्यांचं, पुढून टिचबटणांचं. संक्रांतीचं म्हणून काळं, काठाला राणी रंगाची वेल, आणि अंगभर पांढऱ्या लोकरीचे बारीक गोळे, हलव्याच्या दाण्यांसारखे. मी उलटून पाहिलं, आतून एक धागा लोंबत नव्हता. माझी विणलेली वस्तू सहसा कोणी उलटून बघू नये अशी मी व्यवस्था करतो.

विजयाने ते अंगात घातलं. म्हणजे तिने बाह्यांत हात घातले आणि पोलकं खांद्यावरून घसरून कोपरावर येऊन बसलं. तिची अंगकाठी तुला माहीतच आहे, वाऱ्याच्या दिवसांत मी तिला गच्चीवर एकटीला पाठवत नाही. "हे पोलकं हाय का मांडवाचं कापड?" ती म्हणाली. "कोनाचं माप देलं होतं तुम्ही?" मी सांगितलं. ती इतकी हसली की बटणं न काढताच पोलकं खाली पडलं. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या खोट्यात मले ओढू नका. तुम्ही विजया झाले, तुम्हीच निस्तरा." माणसाने लग्न कशासाठी करायचं, सांग.

त्याच दुपारी ग्रुपवर मोहगावच्या अनुराधाताईचा आवाज आला. पोलकं विणणारी तीच. म्हणाली, "विजयाताई, तुमचं माप पाहून मले भरून आलं. मी बी अशीच हाय. दुकानातलं पोलकं आपल्याले कधी होत नाही, अन् दुकानदार वरून हासते. तुमच्यासाठी टाका न् टाका मनापासून घातला. घालून दाखवा बरं." ताई, मी परसात बसून ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं. आपल्यासारखी एक बाई जगात आहे म्हणून ती खूश झाली होती, आणि ती बाई म्हणजे बनियनवर बसलेला मी.

आता फोटो तर टाकायलाच हवा. पहिल्यांदा पोलकं हँगरला लावून खिडकीत टांगलं आणि तसाच फोटो पाठवला. प्राजक्ताने लिहिलं, अंगात घातलेला पाहिजे, नियम सगळ्यांना सारखा. मग विजयाला गुळाची पोळी खाऊ घालून (पोळी तिनेच केली, मी फक्त वाढली) कशीबशी राजी केली आणि पोलक्याला पाठीमागून कपडे वाळवायचे चिमटे लावले. समोरून झकास दिसत होतं. मी हस म्हटलं, ती हसली, चिमटे सुटले, एक थेट माझ्या चष्म्यावर आला. पोलकं माझ्या तोंडावर फेकून ती उठून गेली. तेव्हा मी दिवाणावरचा मोठा लोड उभा केला, त्याला पोलकं घातलं, खाली विजयाची साडी गुंडाळली, वर डोक्याच्या जागी वरणाचं पातेलं ठेवून त्यावरून पदर घेतला, आणि तुळशीपाशी नेऊन पाठमोरा फोटो काढला. जवळ पाण्याचा तांब्या ठेवला, म्हणजे बाई पूजेत आहे असं वाटावं. तो फोटो मला अजूनही वाईट वाटत नाही.

टाकल्याबरोबर बायका गोळा झाल्या. एकीने विचारलं, ताईंना मान नाही का. दुसरीने विचारलं, हात कुठे ठेवलेत. आणि मग अनुराधाताईचा घाबराघुबरा आवाज, "अवं विजयाताई, तुमची तब्येत बरी नाही काय वं? पुऱ्या सुजून गेल्या ना तुम्ही! मी रथसप्तमीले सौसरले येऊन राहिली. तुमच्या घरीच हळदीकुंकू करू. काढा घेऊन येतो." मी घाईघाईने लिहिलं, येऊ नका, मी ठणठणीत आहे. तिने लिहिलं, दुखण्यात माणूस असंच म्हणते. पत्ता तिच्याजवळ आहेच, पार्सलसाठी मीच तो बिनचूक कळवला होता.

तर असं आहे. रथसप्तमीला ती काढ्याची बाटली घेऊन दारात उभी राहील, आणि दार उघडणार मी. खरं सांगितलं तर ग्रुप गेला. कोण ठेवेल असल्या माणसाला बायकांमध्ये, तूच ठेवलं नसतंस. प्राजक्ता काढून टाकेल, त्याचं एक वेळ चालेल, पण दुपारी त्या फोनकडे पाहायचं कसं? आणि अनुराधाताई माझ्याबद्दल काय समजेल, ते तर मनातही आणवत नाही. दोन दिवस अन्न गोड लागत नाही. (एक दिवस लागलं, वांग्याची भाजी होती.)

असो. थोरल्या बहिणीच्या डोक्याला ताप द्यायला हे लिहिलं नाही, मन मोकळं व्हावं एवढाच हेतू. तब्येतीला जप, म्हणजे आहे तशी ठेव. भाऊजींना गुडघ्यासह नमस्कार.

तुझा धाकटा,
मुकुंद

ता. क. मन मोकळं झालं, आता काम सांगतो. आपल्या बाबांचे खांदे घरात दोघांनाच आले, एक मी आणि एक तू. लहानपणी माझा सदरा तुला बसायचा आणि तू रडायचीस. आता त्याचा उपयोग व्हायची वेळ आली आहे. रथसप्तमीला सकाळच्या बसने ये, हे पोलकं घाल आणि तासभर विजया हो. तिला हळदीकुंकू लाव, तिळगूळ दे, काढा पी. विणकामाचं काही विचारलं तर खोकला काढ, मी पडद्याआडून हळूच सांगीन. विजया तेवढा वेळ तू, म्हणजे प्रमिला, होईल. (तिला अजून विचारलेलं नाही.) भाऊजींना आणू नकोस. ते चारचौघांत 'अगं प्रमिला' करून हाक मारतील आणि दोघी ओ देतील.

आणखी एक. येशील ती जरा लवकर ये, कारण पोलकं अंगातून काढायला मला थोडा वेळ लागेल. थंडी फार आहे आणि विजया बाहेर गेली आहे, म्हणून हे पत्र मी तेच घालून लिहितो आहे. छातीला, बाहीला, गळ्याला असं बसलंय की आजवर एकाही शिंप्याने असं बसवलं नाही. कोणीतरी आपल्यासाठी बसून विणलेलं अंगावर घातलं की कसं वाटतं ते मला या वयात कळलं. फक्त पोलक्याची लांबी पोलक्याइतकीच असते, त्यामुळे खालून वारा लागतो. हे विजयाला कळू देऊ नकोस. पाकीट मी स्वतः चिकटवून मगच तिच्याजवळ पोस्टात टाकायला देईन.

ताई, नमस्कार. मी विजया. यांना गोंद सापडला नाही, म्हणून पाकीट उघडंच माझ्या हातात दिलं आणि वाचू नको असं बजावलं. मी काही लांब गेले नव्हते, शेजारून साखर घेऊन लगेच परत आले होते. हे लिहिण्यात गर्क होते. चष्मा नाकावर, जीभ दातांत, काळं पोलकं, आणि त्याखाली सगळं पोट मोकळं. मी दारातूनच फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ह्याच तुमच्या विजयाताई. माझे मिस्टर आहेत. मला एक टाका घालता येत नाही, आजवरची सगळी उत्तरं यांची.' लिहिलं खरं, पण मग उत्तराची वाट बघता बघता मी चहात दोनदा साखर घातली. तुम्हाला म्हणून सांगते, दुपारी मी झोपत नाही, नुसती डोळे मिटून पडते. परसात हे फोन घेऊन एकटेच हसतात ते मला ऐकू येतं. नोकरी सुटल्यापासून हे दुसरीकडे कुठंच हसत नाहीत. माझ्या हाताने ते बंद झालं की काय असं मला वाटलं.

मग ऋतुजाचं आलं, 'ताई असो का भाऊ, माझी पुढची टोपी लहान करा.' प्राजक्ताने लिहिलं, 'फोटो अंगातला आहे, नियमात बसतो.' अनुराधाताई सगळ्यात शेवटी बोलल्या. आधी नुसतं हसणं ऐकू आलं, मग म्हणाल्या, "अवं माय, एवढ्या थंडीत भाऊचं पोट उघडं पडून राहिलं! काढा राहू द्या आता, लोकर आनतो. खालून वीतभर वाढवून देतो."

तेव्हा तुम्ही जरूर या, पण प्रमिला म्हणूनच या, आणि भाऊजींना घेऊन या. यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. फोन पिठाच्या डब्यात ठेवला आहे. इतकी मजा केली, आठवडाभर घाबरू दे थोडं. माझ्यामागे एकच काम राहिलं आहे. अनुराधाताईंनी पोटाचं माप मागितलं आहे. यांना विचारलं तर श्वास आत ओढून देतील, म्हणून आज जेवणं झाल्याबरोबर, हे खुर्चीवरून उठायच्या आत, मीच घेणार आहे.